टीव्हीच्या कारखान्यातली सूचनापेटी

वेल्समध्ये आम्ही सहा वर्षं काढली. नवरा तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टर होता आणि मी एका जपानी कंपनीच्या टीव्हीच्या कारखान्यात लाइनवर उभी असायचे. आसपासच्या गावांत मिळून मराठी डॉक्टरांची पंधरा-वीस घरं होती आणि माझ्या नोकरीची लाज माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त वाटायची. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका वहिनींनी मला स्वयंपाकघरात गाठलं. "अगं, पण म्हणजे ॲक्च्युअली लाइनवर? मला वाटलं ऑफिसमध्ये असशील. हॉस्पिटलला रिसेप्शनच्या व्हेकन्सीज असतात, ह्यांना विचारू का?" मी म्हटलं, नको, मला बसून काम जमत नाही. त्याच वहिनींनी महिन्याभराने फोन करून विचारलं, स्टाफ डिस्काउंटमध्ये एकोणतीस इंची मिळेल का गं? मिळाला. तो माझ्याच हाताखालून गेलेला होता.

पुण्यात पॉलिटेक्निकला मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला होता. शाळेत स्कॉलरशिपला बसलेली, पेपरात एकही प्रश्न न सोडणारी, उत्तर येत नसेल तरी काहीतरी लिहून येणारी अशी मी मुलगी. लग्नाआधी भोसरीतल्या एका कारखान्यात ब्लॅक अँड व्हाइट सेट जुळवायचे. त्यामुळे वेल्समधल्या स्थानिक पेपरात जाहिरात दिसली तेव्हा मी कुणालाही न विचारता अर्ज टाकला. मला नोकरी लागल्यावरच नवऱ्याला सांगितलं. त्याच्या नाइट्स चालू होत्या, तो "बरं" म्हणाला आणि झोपला.

तेव्हाचे टीव्ही मागे कुबड असलेले, काचेच्या पिक्चर ट्यूबचे होते. ट्यूबच्या मागच्या निमुळत्या भागाला मान म्हणत. त्या मानेवर चुंबकाच्या चकत्या बसवलेल्या असतात. त्या केसभर फिरवल्या की पडद्यावरचे रंग सरकतात. हे काम हातानेच करावं लागे, कारण कुठल्याही दोन ट्यूब अगदी सारख्या नसत. आम्ही टीव्हीच्या मागे आणि चित्र पलीकडे, म्हणून समोर मोठा आरसा लावलेला असायचा. दिवसभर हात मानेवर आणि नजर आरशात. माझ्या डावीकडे उभी असलेली बाई आधी एकेक रंग पडद्यावर सारखा पसरवून द्यायची. मग तो सेट सरकत माझ्याकडे यायचा आणि मी लाल, हिरव्या, निळ्या रेघा एकमेकींवर आणून बसवायचे. त्या बाईला मी इथे डावीकडचीच म्हणणार आहे. तिचं नाव लिहिण्याचा हक्क मला आता उरलाय असं वाटत नाही.

तिनेच मला शिकवलं. पहिल्या आठवड्यात माझे सेट परत येत होते आणि मला रडू फुटायचं बाकी होतं, तेव्हा तिने आपलं काम सांभाळून माझ्या बोटांवर बोटं ठेवली. "ढकलू नकोस. श्वास सोड, मग फिरव. आणि मध्ये बघू नकोस, कोपरे बघ. मध्ये सगळ्यांचंच बरं दिसतं." महिन्याभरात माझा एकही सेट परत येईनासा झाला.

मला गाडी चालवता येत नव्हती. शिफ्ट संपली की ती मला आपल्या गाडीतून सोडायची, आणि शनिवारी आधी तिच्या घरी चहा व्हायचा. तिचा नवरा पूर्वी कोळशाच्या खाणीत होता. खाण बंद झाल्यावर त्या गावातले पुरुष घरी बसले आणि बायका आमच्या कारखान्यात लागल्या. त्याची छाती धुळीने गेली होती. पुढच्या खोलीत खिडकीशी खुर्ची, शेजारी ऑक्सिजनचं यंत्र, नाकात नळी. मी आत शिरले की विचारायचा, "आज किती?" मी आकडा सांगायचे. "आणि त्यातले चांगले किती?" मी म्हणायचे, सगळे. मग तो बायकोकडे बघून म्हणायचा, "हिला ठेवून घे." रग्बीचे नियम त्याने मला तीनदा समजावले आणि तिन्ही वेळा मी विसरले. माझे वडील गेल्यानंतर माझ्याशी असं थट्टेने बोलणारं मोठं माणूस दुसरं कुणी नव्हतं.

घर तिच्या पगारावर चालायचं. ती सत्तावन्न वर्षांची होती आणि तिचे गुडघे कामातून गेले होते. साठाव्या वर्षी पेन्शन सुरू होणार होतं. "तीन वर्षं, लव्ह," ती गाडी सुरू करता करता म्हणायची, "देवाने ही लाइन आणखी तीनच वर्षं चालवावी. मग खुशाल कुलूप लावा." त्या वयात, त्या गावात, तिला दुसरीकडे कुणी घेतलं नसतं. हे मला पूर्ण माहीत होतं, म्हणून सांगते.

कारखान्यात जपानी पद्धती होत्या. सकाळी आठला लाइनसमोर उभं राहून हातपाय हलवायचे, मग पाच मिनिटांची सभा. मॅनेजरपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांना एकच राखाडी जाकीट, एकच कँटीन. आणि सूचनापेटी. प्रत्येकाने महिन्याला निदान एक सूचना लिहायची, आपलं काम सोपं किंवा लवकर कसं होईल याची. चांगल्या सूचनेला सकाळच्या सभेत बक्षीस मिळायचं. छत्री, थर्मास, भिंतीवरचं घड्याळ असलं काहीतरी. बाकीच्या बायका कँटीनमधले चिप्स गरम द्या, असं लिहून मोकळ्या व्हायच्या. मी महिन्याला पाच-सहा लिहायचे. चित्रं काढून, मोजमापं देऊन. आमच्या घरात चार छत्र्या झाल्या.

फॉर्मच्या माथ्यावर एक ओळ छापलेली असायची: कोणत्याही सूचनेमुळे कुणाचीही नोकरी जाणार नाही. ती नुसती छापायची म्हणून छापलेली नव्हती. माझ्या डोळ्यांदेखत एका सूचनेमुळे दोन बायकांचं काम संपलं आणि दोघींना दुरुस्ती विभागात बसवलं. तिथे टेबल होतं, खुर्ची होती. डावीकडचीला त्या खुर्चीचा हेवा वाटायचा.

मग सुपरमार्केटात टीव्ही आले. कांद्या-बटाट्यांच्या पलीकडे, ट्रॉलीत टाकून न्या अशी खोकी रचून ठेवलेली. तुर्कस्तानात जुळवलेले सेट, कुणी कधी न ऐकलेल्या नावांचे. हाय स्ट्रीटवरच्या दुकानांच्या काचेत कोरियन कंपन्यांचे चपटे टीव्ही लागले. आमच्या जपानी साहेबाने एक तुर्की सेट विकत आणला आणि कँटीनच्या टेबलावर उघडून मांडला. आम्ही जेवणाच्या सुट्टीत रांगेने बघून आलो. आमच्या सेटच्या मागे एकोणीस स्क्रू, त्याच्या मागे सात. डावीकडचीने तो चालू करून बघितला आणि नाक मुरडलं. "कोपरे बघ. लाल कुठे, निळा कुठे. असलं कोण घेणार?"

सगळेच घेत होते. त्या वर्षी दिवाळीला आम्ही एका डॉक्टरांच्या घरी जमलो, तिथे भिंतीवर बेचाळीस इंची चपटा कोरियन टीव्ही होता. सगळे कौतुकाने बघत होते. "तू टीव्हीतली एक्स्पर्ट ना, बघ आणि सांग," असं मला पुढे केलं. मी जवळ जाऊन कोपरे बघितले. कोपरे स्वच्छ होते. त्या पडद्याला ट्यूब नव्हती, मान नव्हती, फिरवायला काहीच नव्हतं. मी जे महिनाभर खपून शिकले होते ते तिथे कुणी करायचंच नव्हतं. "छान आहे," मी म्हटलं आणि आत जाऊन पुऱ्या लाटायला बसले. मला वाईट वाटायला हवं होतं. पण काही वाटलं नाही, आणि तिथून पुढे बराच काळ हे असंच चालू राहिलं.

जानेवारीत सकाळच्या सभेत सांगितलं गेलं की लाइनचा वेळ कमी करायचा आहे. प्रत्येकाने विचार करावा, कारखाना टिकवणं आपल्याच हातात आहे. बाकीच्या बायकांनी माना डोलावल्या. मी मात्र घरी जाऊन खरंच विचार केला. माझ्या वहीत काही महिन्यांच्या नोंदी होत्या. एका खेपेत आलेल्या ट्यूबना चकत्या जवळपास सारख्याच फिरवाव्या लागतात, हे त्यातून दिसत होतं. म्हणजे खेपेतल्या पहिल्या पाच ट्यूब मोजायच्या, प्लॅस्टिकचं एक माप बनवायचं, आणि पुढच्या सगळ्या चकत्या त्या मापाने आधीच बसवून ठेवायच्या. मग डावीकडचीचं काम थोड्या सेकंदांत होतं, आणि ते करायला वेगळं माणूस लागत नाही. मी ते माझ्या कामाबरोबरच करू शकत होते.

मी चार संध्याकाळी खपून ती सूचना लिहिली. फॉर्मचा एक गठ्ठा मी घरी आणून ठेवला होता, कारण चित्रं खराब झाली की मला कागद लागायचे. प्रत्येक फॉर्मवर ती माथ्यावरची ओळ होती. ती वाचतच मी लिहीत होते. तिला खुर्ची मिळेल, गुडघे सुटतील, लाइन वेगाने चालेल, कारखाना टिकेल आणि तिची तीन वर्षं पुरी होतील. मला खरंच असं वाटत होतं.

शेवटी रकाने होते. वाचणारा वेळ. लागणारा खर्च. कमी होणारी माणसं. पहिले दोन मी भरले आणि तिसरा कोरा ठेवला. मग कपडे इस्त्री केले, परत येऊन बसले. कोरा रकाना मला बघवेना. एवढं सगळं बरोबर सोडवून एका रकान्यासाठी मार्क कापून घ्यायचे? मी तिथे लिहिलं: एक.

ज्याचं काम बदलणार त्याची सही लागायची. चहाच्या सुट्टीत मी फॉर्म तिच्यापुढे ठेवला. तिचा चष्मा लॉकरमध्ये होता. "तू लिहिलंयस ना? कुठे करू सही?" मी बोट दाखवलं. "तुझ्या गुडघ्यांना बरं पडेल," एवढंच मी म्हटलं. तिने माझा गाल थोपटला आणि सही केली.

तीन आठवड्यांनी सकाळच्या सभेत मला रेडिओचं घड्याळ मिळालं. टाळ्या वाजवणाऱ्यांत ती होती. दोन आठवडे माप वापरून चाचणी झाली आणि शुक्रवारी तिला लिफाफा मिळाला. त्यात तिचं काम संपल्याचं पत्र होतं. दुरुस्ती विभाग नाताळच्या आधीच मोडीत काढला होता. स्वस्त टीव्ही कुणी दुरुस्त करत नाही, बदलून देतात. हे आमच्या लाइनवर कुणी बोललं नव्हतं, किंवा बोललं असेल आणि मी चित्रं काढत असेन.

मी सूचनापेटीपाशी गेले. शेजारच्या खोक्यात नवे फॉर्म होते. रकाने तेच होते, कागद जरा पांढरा होता, आणि माथ्यावरची ओळ नव्हती. कधीपासून नव्हती ते मला अजून माहीत नाही. मी माझ्या सूचनेची प्रत घेऊन जपानी साहेबाकडे गेले आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. तो परत जपानला निघाला होता, त्याच्या खोलीतली कपाटं रिकामी होती. त्याने कागद वाचला. मग म्हणाला, "हा जुना फॉर्म आहे," आणि दोन्ही हातांनी तो कागद मला परत दिला. त्याचे डोळे लाल झाले होते. त्याचा मला राग आला. रडण्याचं काम तरी त्याने माझ्यासाठी ठेवायचं.

संध्याकाळी मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो सूप पीत होता. "हे बघ, तुझ्या फॉर्ममुळे नाही गेली ती. दे वुड हॅव डन इट एनीवे. कुणालातरी काढायचंच होतं त्यांना."

"पण तिलाच का?"

"आता ते ते ठरवणार ना. तू इतकी गिल्टी नको वाटून घेऊस."

गिल्टी वाटत असतं तर बरं झालं असतं, असं मी म्हटलं नाही. मी त्याची वाटी उचलली आणि धुतली.

शेवटच्या दिवशीही तिने मला गाडीतून सोडलं. वाटेत हवामानाचं बोललो. ती सूचना काय होती हे तिला कळलं होतं की नाही, मी विचारलं नाही. उतरताना मी म्हटलं, शनिवारी येते. त्या शनिवारी मी गेले नाही. पुढच्याही नाही. बसचं वेळापत्रक आणून फ्रिजवर लावलं आणि बसने कामाला जाऊ लागले. दर शनिवारी दुपारी मी घड्याळ बघायचे. आता तो विचारत असेल, आज किती. मग काहीतरी काम काढून बसायचे.

माझ्या डावीकडची जागा रिकामी राहिली. मी दोघींचं काम करत होते आणि माझ्या हिशेबापेक्षा ते दोन सेकंद लवकरच होत होतं. नव्या ब्रिटिश मॅनेजरने दुसऱ्या शिफ्टच्या लोकांना माझं काम बघायला उभं केलं. त्यांच्यातली एक बाई माझ्याकडे न बघता आरशात बघत म्हणाली, "म्हणजे आता आमच्यातलीही एक जाणार." मी हात चालू ठेवले.

एवढं करून ती लाइन जेमतेम सव्वा वर्ष चालली. ट्यूबचे टीव्ही कुणाला नकोसे झाले. चपटे पडदे जहाजाने तयारच येणार होते आणि त्यांना मागचं झाकण लावायचं काम पूर्व युरोपातल्या एका नव्या कारखान्यात होणार होतं. कँटीनमध्ये सगळ्यांना एकत्र बोलावून हे सांगितलं. काही बायका रडल्या. पुरुषांनी शिव्या दिल्या. मी चहा घेतला. डावीकडची आत्ता असती तर तिच्या तीन वर्षांतली आणखी सव्वा तरी पदरात पडली असती, असा हिशेब मी उभ्या उभ्या केला.

त्याच सुमारास नवऱ्याला नॉटिंगहॅमला कन्सल्टंटची पोस्ट मिळाली. तिथल्या मराठी घरांत पेढे वाटले, सगळ्या वहिनींनी माझं अभिनंदन केलं, जणू माझाच आजार बरा झाला होता. सामान बांधताना माझ्या लक्षात आलं की एकदा निघाले की मी परत इथे येणार नाही. जाण्याच्या आदल्या शनिवारी मी दोन बस बदलून तिच्या घरी गेले.

दार तिनेच उघडलं. बारीक झाली होती. "ये," ती म्हणाली, जणू मी गेल्याच आठवड्यात येऊन गेले होते. पुढच्या खोलीत खिडकीशी खुर्ची नव्हती. ऑक्सिजनचं यंत्रही नव्हतं. मी तिच्याकडे बघितलं.

"मार्चमध्ये गेला," ती म्हणाली. "मी तेव्हा म्हाताऱ्यांच्या केअर होममध्ये कपडे धुवायचं काम करत होते. रात्रपाळी मिळाली होती, तीच मिळत होती. सकाळी आले तर गेलेला."

मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार कोण? तिने चहा आणला. मी वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं विसरले होते, म्हणून एकदम मध्येच सुरू केलं. "ती सूचना मी लिहिली होती. तुझी जागा जाईल हे त्यात होतं. मी स्वतः लिहिलं होतं. मला वाटलं तुला खुर्ची..."

"माहीत आहे," ती म्हणाली. "पत्राबरोबर त्यांनी प्रत जोडली होती. माझी सही आहे ना त्यावर." तिचा आवाज अगदी साधा होता. "तुझी चित्रं छान होती."

मी तिची माफी मागितली. ती मान हलवत राहिली, पण हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. बाहेरून एक बस गेली. मग ती म्हणाली, "त्याला मी ते दाखवलं नाही. तुझं नाव वाचलं असतं तर त्याला सोसलं नसतं. तो दर शनिवारी विचारायचा, ती का येत नाही? आधी मी सांगितलं, तिची शिफ्ट बदललीय. मग विचारायला लागला, आजारी आहे का, आपण फोन करू या का. मी म्हटलं, नको. शेवटी त्याने स्वतःच ठरवलं, की आपल्याला ती कंटाळली. मी तसंच समजू दिलं. दुसरं काय सांगणार होते?"

तिने माझा कप उचलला, त्यात चहा तसाच होता, परत खाली ठेवला.

"तो तुझ्यावर रागावूनच गेला," ती म्हणाली. "सॉरी, लव्ह."